घरची नववी दहावीला जुंपू नका

आठवीपर्यंत मूल घरी शिकत असेल तर नातेवाईक फार तर नाके मुरडतात. नववी लागली की तेच लोक ‘दहावीचे काय?’ म्हणून मागे लागतात. या प्रश्नाचा धसका एवढा, की घरी शिकवणारे पालकही जूनमध्येच दहावीची पुस्तके आणतात, हॉलच्या भिंतीवर तासिकांचे वेळापत्रक चिकटवतात आणि रविवारी सराव परीक्षा लावतात. असेच करायचे होते तर शाळा काय वाईट होती? तिथे निदान डबा खायला सोबत तरी होती. घरच्या नववीचे नियोजन करताना दहावी कुठून द्यायची एवढा एकच निर्णय आधी पक्का करावा आणि तो झाला की ते वर्ष दहावीला जुंपू नये, असे माझे मत आहे.

निर्णय आधी घ्यायचा, कारण वाटा फार वेगळ्या आहेत. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून जायचे तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि अभ्यासक्रम शाळेतल्या मुलांचाच असतो, तीन भाषांसकट. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हिचा कारभार निराळा. वयाची १४ वर्षे पूर्ण हवीत, नववी पास झाल्याचा कागद कुणी मागत नाही. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि सुटलेला विषय खात्यावर जमा राहतो. विषयांत चित्रकला आहे, मानसशास्त्र आहे, गृहविज्ञानही आहे. खरी गोम इथेच आहे. चौदा वर्षांच्या मुलाला गणित नकोसे होणे साहजिक. पण आज ते सोडून दिले तर दोन वर्षांनी अकरावी विज्ञानच्या दारात अडायला होते. म्हणून गणित आणि विज्ञान ठेवावे, उरलेल्या विषयांत मुलाचे ऐकावे. कागदाला आपल्याकडे किती वजन आहे, हे २०१६ मध्ये दिसलेच. मुंबईतल्या एका घरी शिकलेल्या मुलीला प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. आयआयटीचे दार मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने बंद राहिले.

एवढे ठरले की मग नववी मोकळी करावी. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या सुमारे पाव मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमले. यातल्या बहुतेकांची नावे शाळा-कॉलेजच्या पटावर होती. पोर्शन संपतो आणि भागाकार राहून जातो, असा हा प्रकार आहे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला सहावीच्या अपूर्णांकांपर्यंत मागे जाता येत नाही. घरी जाता येते, आणि नववी ही त्याची शेवटची निवांत संधी. छताच्या हुकाला मीटरभर दोरीने एक कुलूप लटकवा. वीस हेलकाव्यांना साधारण चाळीस सेकंद लागतील. दोरी पाव मीटरवर आणली तर? मुले पटकन दहा सेकंद म्हणतात. घड्याळ वीस दाखवते. ते का, हे सांगायला वर्गमूळ लागते. मग जड कुलूप लावून पाहायचे. आधी अंदाज लिहायचा, नंतर मोजायचे, शेवटी घडले ते अर्धे पान नीट मराठीत मांडायचे. एका सकाळीत भौतिकशास्त्र, गणित आणि भाषा तिन्ही होतात, आणि ‘माझा अंदाज चुकला’ असे वहीत लिहायची सवयही लागते.

कुलूप हलवून दहावी सुटते का, असे कुणी म्हणेल. नुसते हलवून नाही सुटणार. म्हणून दर तीन महिन्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात आणि त्या बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्याव्यात; शिकवणाऱ्या आईनेच मार्क दिले तर त्यांत माया उतरते. पाया पक्का असेल तर दहावीचा अभ्यास पुढच्या दहा महिन्यांत बसतो, त्याला दोन वर्षे रेटायची गरज नाही. सोबत्यांचा प्रश्न खरा आहे, पण मैदान, नाट्यशिबिर, ट्रेकिंगचा गट यांतून तो बराच सुटतो.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे असे सोपे उत्तर नाही. घरची शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी आईची पूर्णवेळ बिनपगारी नोकरी. शिवाय शिक्षणहक्क कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षापर्यंतच असते. त्यापुढे ‘मुलगी घरीच शिकते’ या वाक्याआड शिक्षण थांबलेल्या मुलीही लपू शकतात. धाकटी भावंडे सांभाळणे आणि पोळ्या लाटणे हाच त्यांचा अभ्यासक्रम. यावर उपाय एकच सुचतो: कोण, काय आणि रोज किती तास शिकवणार, त्यात वडिलांचा वाटा किती, हे कागदावर लिहून काढावे. शाळेत दाखला मागायला जाण्याआधी तो कागद मुलाला, आणि मुलगी असेल तर तिला आधी, वाचायला द्या. तिला पटला नाही, तर दाखला काढू नका.