विरोधाचे मत कोठे नोंदले जाते? पुण्याची बस आणि पुण्याचे सभागृह

१/
१८८० साली पुणे नगरपालिकेपुढे एक प्रस्ताव आला. व्हाइसरॉय पुण्यास येणार होते आणि त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करावेत, असे त्यात म्हटले होते. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुले यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावावा, असे त्यांचे म्हणणे होते.

२/
फुले त्या सभेत एकटे पडले, परंतु त्यांचे मत हरवले नाही. विरोध कोणी केला, कशाला केला आणि कोणत्या कारणाने केला, हे आपण सुमारे दीडशे वर्षांनंतरही सांगू शकतो. निर्णय सभेत झाला आणि विरोधाची नोंद राहिली, म्हणून हे शक्य झाले. आजचा धागा पुण्याच्या बससेवेविषयी आहे. तिलाही हीच कसोटी लावून पाहायची आहे.

३/
माझा मुद्दा प्रारंभीच मांडते. गेल्या दोन दशकांत पुण्याच्या बसचा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या खुल्या सभेतून हळूहळू बाहेर गेला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आहे. त्याने ही चर्चा परत आपल्या पटलावर घ्यावी. हे का म्हणते, ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

४/
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुणे हे टांग्यांचे आणि सायकलींचे शहर होते. १९३७-३८ च्या सुमारास आचार्य अत्रे काँग्रेसतर्फे नगरपालिकेवर निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले आणि शहरात बस सुरू व्हावी यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. आज ही साधी बाब वाटते. परंतु बस येणार म्हणजे टांग्यावर पोट असणाऱ्यांचे काय, रस्ता कोणी किती वापरायचा आणि पैसा कोठून आणायचा, हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. वाहतुकीचा निर्णय घेणारा समाजाच्या जगण्याविषयीच निर्णय घेत असतो.

५/
अत्र्यांच्याच पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. गंमत अशी, की ही मंडई उभारण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा त्या खर्चास फुल्यांनीच विरोध केला होता. आधी शिक्षण, मग इमारत, ही त्यांची भूमिका. ज्या वास्तूला त्यांचे नाव लागले, तिच्याविषयीचे त्यांचे प्रतिकूल मतही आपल्यापर्यंत पोहोचले आहे. आज त्याच मंडईच्या परिसरात भुयारी मेट्रोचे स्थानक आहे.

६/
प्रारंभीची शहर बससेवा खासगी होती. १९४० च्या दशकात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही कंपनी पुण्यात बस चालवीत असे. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी बससेवा तिच्याकडे आली. पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी बसलेली ‘पीएमटी’ ती हीच.

७/
मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्यात परिवहनासाठी स्वतंत्र समितीची तरतूद होती. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, वित्त किंवा कामगारविषयक अनुभव असलेल्या व्यक्ती तिच्यावर नेमता येत. त्या नगरसेवक असल्याच पाहिजेत असे नव्हते. मात्र परिवहनाचे अंदाजपत्रक महापालिकेपुढे येई. जाणकारांनी कारभार पाहावा आणि त्याचा जाब सभागृहाने विचारावा, अशी ही रचना होती.

८/
तो काळ सोन्याचा होता, असा माझा दावा नाही. फुले ज्या नगरपालिकेत बसत, तेथे ते स्वतःही सरकारनियुक्त सभासद होते. सामान्य माणसाला मतच नव्हते. पुढे पीएमटीच्या बसही वेळेवर येत असत, असे कोणताही जुना पुणेकर म्हणणार नाही. सभागृहामुळे कारभार आपोआप चांगला होत नाही. मात्र तो कोणी बिघडवला, हे विचारण्याची जागा तेथे असते.

९/
१९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र पीसीएमटी सुरू झाली. दोन्ही शहरे वाढत एकमेकांना भिडली, तरी बसव्यवस्था दोनच राहिल्या. निगडीत राहून कात्रजकडे कामाला जाणाऱ्यास महापालिकांच्या हद्दीशी काय देणे-घेणे? म्हणून २००७ मध्ये दोन्ही सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपी, ही कंपनी स्थापन झाली. पुण्याचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के.

१०/
विलीनीकरणाचे कारण योग्य होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याची एक किंमतही होती. भाडे, मार्ग आणि गाड्यांची खरेदी यांवरील निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत होऊ लागले. महापौर आणि स्थायी समितीचे अध्यक्ष तेथे बसत खरे. पण कंपनीची बैठक आणि महापालिकेची सर्वसाधारण सभा यांत मूलभूत भेद आहे. सर्वसाधारण सभा कायद्यानेच सामान्यतः लोकांसाठी खुली असते. संचालकांच्या बैठकीला प्रेक्षक सज्जा नसतो.

११/
मार्च २०२२ मध्ये दुसरा दुवाही तुटला. ६ मार्चला पुणे मेट्रोचे उद्घाटन झाले आणि अवघ्या काही दिवसांत नगरसेवकांची मुदत संपून महापालिकेवर प्रशासक आला. पिंपरी-चिंचवडमध्येही तेच घडले. निवडणुका लांबत गेल्या आणि शहराच्या वाहतुकीत मोठे बदल होत असताना जवळजवळ चार वर्षे दोन्ही शहरांत लोकनियुक्त सभागृह नव्हते.

१२/
या काळात काय झाले? नगर रस्त्यावरील बीआरटी मार्गाचा भाग काढून टाकण्यात आला. (कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर २००६ मध्ये बीआरटीचा देशातील पहिला प्रयोग करणारे शहर हेच.) १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. दैनंदिन पास ४० वरून ७० रुपयांवर गेला आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर.

१३/
ही वाढ कदाचित अटळ असेल. भाडे अनेक वर्षे वाढले नव्हते आणि तोटा दोन्ही महापालिकांनाच भरून द्यावा लागतो. पण मासिक पासचे जादा सहाशे रुपये घरकाम करणाऱ्या बाईला किंवा पेठेतल्या दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाला किती जड जातात, हे निर्णयापूर्वी कोणत्या लोकप्रतिनिधीने उभे राहून सांगितले? सांगणारा निवडूनच आलेला नव्हता. १८८० मधील विरोधकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. २०२५ च्या निर्णयाबाबत उद्याचा अभ्यासक कोणाचे नाव लिहील?

१४/
यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘नगरसेवकांच्या हाती बस दिली, की प्रत्येकाला आपल्या प्रभागात थांबा हवा असतो, तज्ज्ञांना काम करू द्या.’ आक्षेप पोकळ नाही. वेळापत्रक आखणे हे सभागृहाचे काम नव्हेच. पण भाडे किती असावे, तोटा किती सोसावा, रस्त्याची मार्गिका बसला द्यावी की मोटारींना, या प्रश्नांना केवळ तांत्रिक उत्तर नसते. तेथे कोणाचे हित आधी, हे ठरवावे लागते आणि ते उघडपणे ठरले पाहिजे.

१५/
त्यासाठी कंपनी मोडण्याची गरज नाही. तोट्याचा पैसा महापालिकेच्या अंदाजपत्रकातून जातो. म्हणजे किल्ली अजूनही सभागृहाकडेच आहे. तीन गोष्टी करता येतील. एक, दरवर्षी ही रक्कम मंजूर करण्यापूर्वी बससेवेवर स्वतंत्र खुली चर्चा. दोन, भाडेवाढीचा किंवा मोठा मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव आधी दोन्ही शहरांच्या सभागृहांपुढे. तीन, संचालक मंडळाच्या बैठकींचे इतिवृत्त मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि त्यात विरोधी मतांची नोंद असावी.

१६/
इतिहासाची आवड असणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. किल्ले आणि लढाया जरूर वाचू. पण शहराचा इतिहास ठरावांत, अंदाजपत्रकांत आणि तिकिटांच्या दरांतही असतो. नव्या सभागृहात १६५ सदस्य आहेत. आपल्या प्रभागातील सदस्यांना एवढेच विचारा, की बसच्या प्रश्नावर आपण काय बोललात आणि ते कोठे नोंदले गेले?

१७/
उत्तर मिळाले, तर उद्याच्या अभ्यासकाला एक साधन मिळेल. न मिळाले, तर प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.

धागा समाप्त. तपशिलात चूक आढळल्यास अवश्य निदर्शनास आणावी.