बर्फ-फेक यंत्र घेताना आधी दारापुढचा ढीग मोजा

कोकणातला आपला माणूस आखातात गेला तर दहा-वीस वर्षांनी गावी परततो. टोरांटो, शिकागोकडे गेलेली कुटुंबे मात्र तिथे घर घेऊन राहिली. घर झाले की दारापुढचा बर्फ हटवणेही गळ्यात आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून लांब फेकणारे यंत्र, घ्यायची वेळ येते. यंत्राची खरेदी ही कारागिराला समजणारी गोष्ट आहे. म्हणून या पानावर हा विषय आम्हाला परका वाटत नाही.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क राज्यातले बफेलो शहर घेऊ. न्यूयॉर्क शहरातली घरभाडी न परवडल्याने गेल्या काही वर्षांत पुष्कळ बांगलादेशी मुस्लिम कुटुंबांनी इथल्या पूर्व भागात जुनी घरे घेतली. इथला बर्फ साधासुधा नाही. ईरी सरोवराच्या उबदार पाण्यावरून थंड वारा आला की बाष्प उचलतो आणि काठावर एका अरुंद पट्ट्यात ओततो. वर्षाची सरासरी ९५ इंचांच्या आसपास. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ८० इंच पडला. त्या वेळी बर्फ हटवण्याच्या श्रमाने हृदयविकाराचा झटका येऊन माणसे दगावली. तेव्हा हे यंत्र म्हणजे चैन आहे असे कोणी म्हणू नये.

एक हिशेब करा. घराशेजारची मोटारीची वाट ३ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब धरली आणि तिच्यावर फूटभर बर्फ साचला, तर तो साडेतेरा घनमीटर भरतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी साडेतेराशे किलो वजन झाले. ओला असेल तर दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. एवढे फावड्याने रोज कोण उपसणार?

आमच्या मते खरी परीक्षा या वाटेवर होत नाही, वाटेच्या तोंडाशी होते. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करत जातो आणि दाबलेल्या, मिठाने ओल्या झालेल्या बर्फाचा बांध आपल्या दाराशी घालून जातो. रात्रीत तो दगडासारखा होतो. दुकानदार गुळगुळीत फरशीवर यंत्र ढकलून दाखवतो. गिऱ्हाइकाने मात्र हा बांध डोळ्यांपुढे ठेवून प्रश्न विचारावेत.

यंत्रे मुख्यतः दोन जातींची. एकटप्पी यंत्रात एकच फिरते पाते जमिनीला घासत बर्फ ओढते आणि तेच फेकते. हलके, स्वस्त, सहा-आठ इंचांपर्यंत ठीक. बांधापुढे मात्र उड्या मारते. खडीच्या वाटेवर तर ते वापरूच नये, खडे गोळीसारखे उडतात. दोनटप्पी यंत्रात मळसूत्री पाते बर्फ आत ओढते आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून बाहेर भिरकावतो. चाके इंजिनावर चालतात आणि पाते जमिनीपासून थोडे वर राहते. बफेलोसारख्या गावी दोनटप्पीच घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

पण मोठ्यात मोठे घेऊ नये. तिथल्या जुन्या वस्तीत दोन घरांमधली वाट अरुंद असते. ३० इंची यंत्र वळवताना भिंतीला लागते आणि बर्फ फेकायला जागा कुठे? शेजाऱ्याच्या अंगणात टाकता येत नाही, रस्त्यावर टाकणे नियमाविरुद्ध. २४ इंची पुरते. त्याचेही वजन ९० ते ११० किलोपर्यंत असते, घरातल्या वृद्धाला ते आवरेल का हे पाहावे. बॅटरीची यंत्रे आवाज कमी करतात, पेट्रोलची कटकट नाही. पण कडक थंडीत बॅटरी लवकर उतरते. एक-दोन मोटारींच्या वाटेला, नेहमीच्या बर्फाला ती चालतील. चार फुटी वादळात आमचा भरवसा पेट्रोलवर.

मिस्त्री लोकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. मळसूत्री पात्याच्या दांड्यावर शिअर पिन नावाचे मऊ बोल्ट असतात. दगड किंवा वर्तमानपत्राचा गोठलेला गठ्ठा अडकला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. काही शहाणे चिडून तिथे कडक पोलादी बोल्ट ठोकतात. मग पुढच्या वेळी बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. दोन-चार पिना जवळ ठेवाव्यात. म्हणूनच सुटे भाग आणि दुरुस्ती गावातच मिळते का, हे किमतीआधी विचारावे. विस्कॉन्सिनच्या एरिअन्स कंपनीने १९६० मध्ये दोनटप्पी यंत्र काढले. अशा जुन्या घराण्याचे जुने यंत्रही दुरुस्त करून चालते. अनोळखी स्वस्त यंत्राचा पट्टा तुटला की शोधाशोध.

नळकांडे तुंबले तर हात घालू नये. इंजिन बंद केले तरी पात्यात ताण उरलेला असतो, बर्फ सुटताच ते फिरते आणि बोटे जातात. काठीनेच मोकळे करावे. बंद गॅरेजमध्ये यंत्र चालू ठेवणे म्हणजे विषारी वायू घरात घेणे.

राहिली रक्कम. पहिल्या वादळाच्या धास्तीने लोक नोव्हेंबरात धावतात आणि दुकानाच्या कार्डावर ‘वर्षभर बिनव्याजी’ उचलतात. मुदतीत पूर्ण रक्कम फिटली नाही, तर अशा कित्येक योजनांत खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज एकदम चढते. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून रोखीने एक चांगले यंत्र घ्यावे. पाळी, पेट्रोल आणि दुरुस्तीचा खर्च आधीच कागदावर लिहून ठेवावा. एप्रिलमध्ये घर बदलणारे लोक वापरलेली यंत्रे विकायला काढतात, तेव्हा जाऊन पाहावे. इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल तर भाव पाडून मागावा. टाकीत गेल्या वर्षीचे पेट्रोल असेल तर कार्ब्युरेटर चिकटलेला असणार, त्या साफसफाईचे पैसेही किमतीतून कापून घ्यावेत.