प्रश्न जुना, विचारणारा नवा

छंद माणसांना एकत्र आणतो. पक्षिनिरीक्षण असो, आकाशदर्शन असो किंवा नाणी जमवणे असो; समान आवडीची माणसे भेटली की वय, शिक्षण आणि हुद्दा यांचे अंतर गळून पडावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र अनेक छंदमंडळांत एक नवीच उतरंड तयार होते. जाणकार वर बसतात आणि नवख्याच्या पहिल्याच प्रश्नाला ‘एवढेही ठाऊक नाही?’ असे उत्तर मिळते.

जाणकारांची तक्रार अगदीच निराधार नसते. उन्हाळ्याच्या सुमारास पक्षिनिरीक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : अंगभर पांढरट ठिपके असलेला हा तपकिरी पक्षी कोणता? ती कोकिळा, म्हणजे मादी असते. ‘कुहू कुहू’ अशी साद घालतो तो काळाभोर नर, कोकीळ. लोकांच्या मनात मात्र गाणारी कोकिळाच असते, म्हणून हा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उत्तर देणारा माणूस पगारी नसतो. तो आपला पोटाचा व्यवसाय सांभाळून वेळ काढतो. विसाव्यांदा तेच सांगताना त्याचा स्वर चढला, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु समर्थनीय नाही. जाणकाराने विसाव्यांदा ऐकलेला प्रश्न समोरच्याने पहिल्यांदाच, तोही धीर एकवटून, विचारलेला असतो.

या धीराचे मोल किती असू शकते, हे सलीम अली यांच्या बालपणावरून कळते. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी ते 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्ष्याची ओळख पटवून दिली. एवढ्यावरच न थांबता त्यांनी संस्थेचा पक्षिसंग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकेही दिली. पुढे 1941 मध्ये त्याच मुलाने लिहिलेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या ग्रंथाने असंख्य भारतीयांना पक्षी ओळखायला शिकवले. प्रत्येक नवखा सलीम अली होत नाही, हे खरे. पण तो कोण होणार, हे पहिल्या प्रश्नाच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे मंडळाने एका वहीत लिहून ठेवावीत आणि ती वही नवागताच्या हाती आपुलकीने द्यावी. सोप्या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम वर्षभरापूर्वी आलेल्या सदस्याकडे सोपवावे. त्याला स्वतःची अडचण अजून आठवत असते आणि सांगता सांगता त्याचेही ज्ञान पक्के होते. नवख्यानेही रिकाम्या हाताने येऊ नये. पक्ष्याचा आकार, चोच, रंग आणि दिसल्याची जागा टिपून मग विचारले, तर ऐकणार्‍याचाही उत्साह वाढतो. दिलेले उत्तर लक्षात ठेवणे, हेही सौजन्यच आहे.

तरीही कोणी वारंवार उद्धटपणे बोलत असेल, तर उद्धटपणाला उद्धटपणाने उत्तर देऊ नये. त्याला बाजूला घेऊन शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत समज द्यावी. त्याचे ज्ञान मोठे आहे म्हणून गप्प बसणे, ही इतरांची चूक ठरते. अपमानित झालेला नवखा सहसा भांडत नाही. तो फक्त यायचा थांबतो. त्याची रिकामी जागा कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा जागा वाढत गेल्या, की एक दिवस मंडळात उत्तरे देणारेच उरतात आणि विचारणारे कोणीच नसते. ज्ञान वाटल्याने वाढते. ते वाटताना हात आखडला, तर छंदही त्या जाणकारांबरोबरच संपतो.