खांबाखालचे सोयाबीन



मागे औसा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. सोयाबीन काढणीला आलेले, पाने गळून शेंगा खुळखुळू लागलेल्या. पण रस्त्याकडेच्या दिव्याच्या खांबाखाली तेवढा एक तुकडा हिरवागार! मालक बियाणेवाल्यावर संतापलेले. "साहेब, भेसळ निघाली बघा." मालकीणबाई मात्र म्हणाल्या, "भेसळ असती तर रानभर दिसली असती. हिरवं आहे ते उजेडापुरतंच."

बाईंचे म्हणणे खरे होते.

चिंचेची पाने सांजेला मिटतात, हे आपण रोज पाहतो. फ्रान्समधील द मेरां यांनी १७२९ साली लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवून पाहिले, तरी त्याची पाने वेळेवर उघडत-मिटत राहिली. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच! ते चालवतात जनुके. जनुक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बियाण्यातून उतरत आलेली सूचना. काही जनुके पहाटे जागी होतात, काही सांजेला; एक दुसऱ्याला निजवते आणि दिवसभरात फेरा पुरा होतो.

सोयाबीनमधले 'ई-२' हे जनुक या घड्याळाचाच भाग आहे. 'ई-३' आणि 'ई-४' उजेड ओळखतात, आणि 'ई-१' म्हणजे लगाम. दिवस मोठा असेतो तो फुलाला आवरून धरतो. दिवस लहान झाला की लगाम सुटतो आणि पानाकडून शेंड्याला फुलण्याचा निरोप जातो. लातूर-नांदेडकडे जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. फरक जेमतेम दोन तासांचा, पण झाडाला तो पुरतो. खांबाखालच्या झाडाच्या लेखी आषाढ सरलाच नव्हता.

अमेरिकेतील गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० साली हेच मांडले. बिलॉक्सी जातीचे सोयाबीन त्यांनी थोड्या थोड्या दिवसांनी पेरले, तरी सगळे सप्टेंबरच्या सुमारास एकदमच फुलले. उशिराचे बिचारे वाढायच्या आधीच फुलले.

आपल्याकडे पाऊस लांबला की हेच होते. झाड बुटके राहते, शेंगा कमी लागतात, आणि आपण युरियाचे पोते आणतो. खताने घड्याळ मागे सरकत नाही. त्यापेक्षा पेरणी लांबली तर ओळी जवळ घ्याव्यात आणि लवकर येणारे वाण निवडावे. सप्टेंबरात पेरलेली तूर बुटकी राहते, म्हणून तीही दाटच पेरतात. सगळ्या वाणांचा लगाम सारखा घट्ट नसतो, हेही ध्यानात असू द्या.

हल्ली रानडुकरांसाठी बांधावर रात्रभर हॅलोजन जळतो. त्याचे तोंड पिकाकडून फिरवा. आणि खांबाखालचा हिरवा तुकडा उरलाच, तर त्याची कापणी वेगळी करा. त्या ओल्या शेंगा गंजीत गेल्या, तर भोवतीचे चांगले बीही बुरसते. औशाच्या मालकीणबाईंनी तो तुकडा तसाच उभा ठेवला होता.