पेला हलेपर्यंत

ओमानमध्ये, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बिदियाला टायरवाल्याकडे थांबलो होतो. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा 35 वरून 18 वर आणावी लागते, नाहीतर गाडी पहिल्याच चढावर रुतते. तेवढ्या वेळात मी आईला पाण्याची बाटली दिली. तिने ती मांडीवर नुसती धरून ठेवली. ‘तहान नाही गं,’ म्हणाली.

सकाळच्या चहानंतर तिने घोटभरही पाणी घेतलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते संध्याकाळी तंबू ठोकून झाल्यावर, तिचं डोकं ठणकायला लागलं तेव्हा. बरोबर आलेल्या मावशीचीही तीच गत. दोघींनी आपसात ठरवून टाकलं होतं: उघड्यावर जायचं, तेही रात्री अंधारात चाचपडत, त्यापेक्षा पाणीच नको.

ही मागच्या जानेवारीतली गोष्ट. त्या रात्री मला स्वतःचा फार राग आला. दोन दिवस मी याद्या करत होते. कोळसा, जाळी, मसाला लावून ठेवलेलं चिकन, मावशीसाठी वेगळं पनीर, सतरंज्या, दिव्यांच्या माळा. एवढ्या यादीत मोरीची सोय नव्हती. आम्ही टेकाडाआड जातो, म्हणजे सत्तरीच्या बायकाही जातील, असं मी धरून चालले होते.

मस्कतमधल्या मराठी घरांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आई-वडील येण्याचा हंगाम. मॉल झाले, मशीद पाहून झाली, मत्रहचा बाजार झाला की शर्किया वाळवंटाचा बेत ठरतोच. पूर्वी त्याला वहीबा म्हणत, तिथल्या टोळीच्या नावावरून. मस्कतपासून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटर वाळू, आणि उत्तरेकडे शंभर मीटरपर्यंत उंच लांबच लांब टेकाडं. आलेल्या माणसाला हे दाखवावंसं वाटतंच, वाटायलाही हवं. पण आपण दाखवतो काय? टेकाडांवरून गाडी उडवतो, आणि मागच्या सीटवर मणक्याचं दुखणं असलेला माणूस दांडी घट्ट धरून हसत राहतो. मुलांनी हौसेने आणलंय म्हणून तो हसतो. त्या हसण्यावर विसंबू नका, असं मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. वयस्कर पाहुणा परक्या देशात, मुलाच्या नाहीतर जावयाच्या गाडीत बसलेला असतो. तो काहीही मागणार नाही.

इथली माणसं हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. ओमानी घरी गेलात की आधी खजूर येतो, मग वेलदोड्याची कडू, बिनसाखरेची काहवा. वाढणाऱ्याच्या डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोच असलेली किटली, उजव्यात बिनकानाचे छोटे पेले. पेल्यात तळाशी थोडीशीच ओततात. ती संपली की तो पुन्हा ओततो, पुन्हा ओततो. तुम्ही पेला हलकेच हलवून परत देईपर्यंत. ‘हवी का?’ असं विचारून पाहुण्याला संकोचात टाकायचं नाही. वाढणारा उभा राहतो आणि त्याच्या हाताकडे बघत असतो. 2015 साली ही अरबी कॉफीची रीत युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. माझ्या लेखी तिचं मोल त्या बघण्यात आहे.

यंदा आई-अण्णा पुन्हा आले. आईने ‘वाळवंट नको’ म्हटलं नाही, ‘बघू’ म्हणाली. मी ते ‘नको’ असंच ऐकलं आणि तयारी उलट्या टोकाने सुरू केली. आधी मोरीचा उभा तंबू, कमोडची घडीची खुर्ची, बादली, मग, हात धुवायला नळाचा कॅन. झोपायच्या तंबूपासून तिथपर्यंत वीस पावलं, आणि पावलापावलावर छोटे दिवे. जमिनीवर बसवायचं नाही म्हणून पाठ असलेल्या खुर्च्या. खाली गाद्या दोन-दोन, कारण वाळू दिवसा तापते तशीच रात्री झपाट्याने निवते, आणि अरबी समुद्र जवळ असल्याने पहाटे दवाने तंबू ओला होतो. अण्णांना थंडी वाजते म्हणून शेगडी आत घेऊ या, असं कुणीतरी म्हणालं. त्याला मी कडक नकार दिला. धगधगत्या कोळशाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि बंद तंबूत झोपलेला माणूस उठतच नाही. रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून पांघरुणात दिलं.

मुक्काम वाळवंटाच्या कडेलाच, गाडीरस्त्यापासून दहा मिनिटांवर, एका घाफच्या झाडाजवळ. सूर्य मावळायच्या आत सगळं उभं होतं. पुढे कार्यक्रम कसलाच नव्हता.

आई त्या झाडाखाली गेली, फांदी खाली ओढून पानं चोळली, काटे पाहिले आणि म्हणाली, ‘अगं, ही तर शमी.’ खरंच शमी. आपल्याकडे जिला सौंदडही म्हणतात, दसऱ्याला पुजतात, जिची पत्री गणपतीला वाहतात, पांडवांनी जिच्यात शस्त्रं लपवली, तीच. मी आठ वर्षं या झाडांच्या सावलीत गाडी लावते आहे. खाली रुतलेली मुळं खोलवरचं पाणी शोधतात, उंटांना पाला मिळतो, एवढं मला ठाऊक होतं. नाव मात्र अरबीच येत होतं. आईने झाडाला हात जोडले. मग अण्णांना बोलावून खुर्ची तिथेच ओढायला लावली आणि मिरजेच्या घरामागे शमी होती ती कुणी, का तोडली, ही मी कधीच न ऐकलेली हकीकत जेवणापर्यंत चालली. त्यात माझ्या आजीचं एक मोठं भांडणही होतं.

जेवताना आईने दोन पेले ताक घेतलं. मी बघत होते.

रात्री दोनच्या सुमारास तंबूची चेन सरकल्याचा आवाज आला. दिव्यांच्या ओळीने ती एकटीच गेली, सावकाश परत आली. मग माझ्या तंबूबाहेर थांबून हळूच म्हणाली, ‘जागी आहेस का? पाण्याची बाटली कुठे ठेवलीस?’