एका चाकाला जागा कुठे?

लंडनच्या पदपथावर आज कुणी विजेची एकचाकी चालवली, तर त्याच्यावर ज्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते तो कायदा १८३५ सालचा आहे. पदपथावरून घोडा, गाढव, मेंढरे, डुकरे आणि गाड्या नेऊ नयेत, असे तो कायदा सांगतो. तो झाला तेव्हा पायडल मारायची सायकलही अजून यायची होती. रस्त्यावर चालवली, तर १९८८ चा वाहतूक कायदा आड येतो. त्याच्या दृष्टीने एकचाकी हे मोटार वाहन आहे. मोटार वाहन म्हटले की नोंदणी हवी, विमा हवा, परवाना हवा. आणि या वाहनाची नोंदणी होण्याची सोय तर नाही. म्हणजे पदपथावर ती गाडी ठरते आणि रस्त्यावर मोटार. उरली फक्त खासगी जमीन, तीही मालकाची परवानगी असेल तर.

हे वाहन आहे तरी काय? एक रुंद टायर, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्ट्या, वरच्या पेटीत बॅटरी आणि संतुलनाची यंत्रणा. हँडल नाही, सीट बहुधा नाही, हाताचा ब्रेक नाही. पुढे झुकले की ते पळते, मागे रेलले की थांबते, कुशीवर कलले की वळते. शेन चेन या अमेरिकेतल्या संशोधकाने २०११ मध्ये ‘सोलोव्हील’ या नावाने ते बाजारात आणले. त्याच्या दहा वर्षे आधी, डिसेंबर २००१ मध्ये, डीन केमन यांच्या ‘सेगवे’ या दुचाकीने असाच गाजावाजा केला होता. शहरांचा चेहरामोहरा ती बदलणार, अशी भाकिते झाली. प्रत्यक्षात ती पर्यटकांच्या आणि पहारेकऱ्यांच्या पायाखाली राहिली आणि २०२० मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्याहून लहान आणि शिकायला कितीतरी अवघड अशी एकचाकी मात्र टिकली. चीनमधल्या शेनझेन आणि डोंगग्वान इथल्या कारखान्यांनी ती वाढवली. आज पॅरिस, न्यूयॉर्क, सिंगापूर अशा शहरांत ती दिसते.

टिकण्याचे कारण साधे आहे. शहरात कामावर जाणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न स्टेशनपर्यंतचा आणि स्टेशननंतरचा असतो. एकचाकी स्टेशनपर्यंत चालवावी, दांडा वर ओढून सामानाच्या बॅगेसारखी ढकलत डब्यात न्यावी, कचेरीत टेबलाखाली ठेवावी. पार्किंग नको, पेट्रोल नको. डोंगराची हौस असलेल्यांना वेगळीच गोडी लागली. २०२० मध्ये ‘इनमोशन’ आणि ‘किंगसाँग’ या कंपन्यांनी धक्के झेलणारी सस्पेन्शनची एकचाकी आणली. तिला खाचांचे टायर बसवले की दगडगोट्यांच्या, मुळ्या वर आलेल्या वाटेवरही ती चढते.

शक्ती हाच तोल

या वाहनाबद्दलचे बहुतेक कायदे जिथे चुकतात, ती गोम त्याच्या रचनेत आहे. सायकल किंवा स्कूटर थांबली तर आपण पाय टेकतो. मोटार बंद पडली तर गाडी हळूहळू थांबते. एकचाकीचे तसे नाही. स्वार पुढे झुकतो म्हणजे खरे तर तो पुढे पडू लागतो, आणि चाक त्याच्या पडण्यापेक्षा किंचित वेगाने पुढे जाऊन त्याला सावरते. तळहातावर उभी काठी तोलताना आपण हात जसा हलवतो, तसेच हे आहे. हा हात म्हणजे मोटार. तिच्याजवळ शिल्लक जोर असेल तोवरच तोल राहतो. वेग वाढत गेला की मोटारीचा हा शिल्लक जोर कमी होत जातो. बॅटरी उतरली की तो आणखी घटतो. नेमक्या त्या क्षणी रस्त्यात खड्डा आला, तर सावरायला काहीच उरत नाही आणि स्वार तोंडावर आपटतो. म्हणून चांगली एकचाकी त्याआधीच शिटी वाजवते आणि पायाखालच्या पट्ट्या मागे कलवून स्वाराला वेग कमी करायला लावते.

एक साधा हिशेब करून पाहा. स्वार आणि वाहन मिळून शंभर किलो वजन. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढवणारा चढ. तो ताशी २० किलोमीटरने चढायचा तर केवळ चढाईला साडेपाचशे वॉट लागतात. वेग निम्मा केला तरी पावणेतीनशे वॉट हवेत, आणि खड्ड्यासाठी राखीव जोर त्याहून वेगळा. म्हणूनच बाजारातल्या मध्यम आकाराच्या एकचाकीची मोटारही दोन हजार वॉटच्या पुढची असते. स्कूटरच्या बाबतीत जादा शक्ती ही चैन किंवा मस्ती असू शकते. एकचाकीच्या बाबतीत ती आधी सुरक्षितता असते.

अर्थात, उत्पादकांनी या सत्याचा गैरफायदाही भरपूर घेतला. तोलासाठी शक्ती हवी, हे खरे. पण ती वेगासाठी विकली गेली. पहिली सोलोव्हील अकरा-बारा किलोची होती आणि जेमतेम सायकलच्या वेगाने जाई. आज पस्तीस-चाळीस किलोच्या एकचाक्या मिळतात आणि ताशी सत्तर किलोमीटर व त्याहून अधिक वेगाची जाहिरात करतात. २०२० मध्ये आलेल्या ‘शर्मन’ या एकचाकीत ३२०० वॉट-तासांची बॅटरी होती. विजेच्या साध्या सायकलीत ती पाचशेच्या आसपास असते. एवढे वजन या वेगाने पायी चालणाऱ्या म्हातारीवर आदळले तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. आणि स्वाराच्या अंगाभोवती तर पत्र्याचे कवच नाही की पकडायला हँडल नाही.

चार देश, चार उत्तरे

सरकारांनी या नव्या पाहुण्याला दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. फ्रान्सने ऑक्टोबर २०१९ च्या हुकुमाने विजेची स्कूटर, एकचाकी वगैरेंचा स्वतंत्र वर्गच केला. वेग बांधणीनेच ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित हवा, पदपथावर बंदी, सायकलमार्ग असेल तिथे त्यावरूनच जायचे, विमा सक्तीचा. चालवणाऱ्याचे किमान वय आधी १२ होते, ते २०२३ मध्ये १४ केले गेले. शक्तीवर मर्यादा नाही, वेगावर आहे. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पॅरिसने भाड्याच्या स्कूटरवर लोकमत घेतले. जेमतेम साडेसात टक्के मतदार आले आणि त्यांतल्या ८९ टक्क्यांनी त्या नकोत म्हटले. भाड्याच्या स्कूटर गेल्या, पण स्वतःच्या मालकीची वाहने राहिली. रागाचा मोठा भाग वाहनावर नव्हे, ते कुठेही टाकून देण्यावर होता, हे यातून दिसते.

जर्मनीचे उदाहरण अधिक गमतीचे आहे. जून २०१९ मध्ये लागू झालेल्या तिथल्या नियमांत मोटारीची मर्यादा ५०० वॉट आहे. पण साठ टक्के शक्ती तोल सांभाळण्यात खर्च होत असेल तर १४०० वॉटपर्यंत मुभा आहे. म्हणजे तोलासाठी शक्ती लागते, हे जर्मन कायदेकारांना नेमके कळले होते. पण त्याच नियमांनी वाहनाला हँडल किंवा पकडायची दांडी हवीच, असेही म्हटले. एकचाकीला ती नसते. झाले! दार उघडले आणि उंबरठ्यावरच बंद केले.

सिंगापूरने आधी मुभा दिली: वजन २० किलोपर्यंत, वेग सायकलमार्गावर ताशी २५ किलोमीटरपर्यंत. पण पदपथांवरचे अपघात वाढले, बॅटऱ्यांनी घरे पेटली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्कूटरच्या धडकेनंतर एका वृद्ध सायकलस्वार महिलेचा मृत्यू झाला. त्या वर्षी ५ नोव्हेंबरपासून स्कूटरला आणि एप्रिल २०२० पासून एकचाकीलाही पदपथ बंद झाला. सायकलमार्ग खुला राहिला आणि बॅटरीसाठी अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले.

ब्रिटनने तर उत्तरच टाळले. भाड्याच्या स्कूटरचे प्रयोग २०२० पासून चालू आहेत, एकचाकीला त्यांत स्थान नाही. उलट, भुयारी रेल्वेत स्कूटरच्या बॅटऱ्या पेटल्यानंतर लंडनच्या वाहतूक यंत्रणेने १३ डिसेंबर २०२१ पासून खासगी स्कूटर आणि एकचाकी, दोन्ही गाडीत न्यायला मनाई केली. स्टेशनपर्यंतचा आणि स्टेशननंतरचा जो उपयोग, त्याचाच दोर कापला गेला. आगीची भीती खोटी नव्हती. पण ज्या वाहनाला कायद्यात जागा नाही त्याच्या बॅटरीला दर्जा लावायचा कुणी? बंदीने वाहने नाहीशी झाली नाहीत. ती तपासणीच्या कक्षेबाहेर गेली.

डोंगरातला वाद

रस्त्यावरचा वाद जागेचा आहे, डोंगरातला शांततेचा. अमेरिकेत वन विभागाच्या २००५ च्या नियमानुसार मोटार वाहनांना नेमून दिलेल्या वाटांवरच जाता येते. विजेच्या सायकलींना २०१९ पासून काही सरकारी जमिनींवर सायकलच्या वाटा खुल्या होऊ लागल्या, पण त्यासाठी पायडल हवे आणि मोटार ७५० वॉटच्या आत हवी. एकचाकीला पायडल नाही. म्हणून ती मोटारसायकलींच्या रांगेत जाते. फ्रान्सनेही १९९१ पासून निसर्गक्षेत्रात मोटार वाहनांचा संचार रोखला आहे.

स्वारांचे म्हणणे असे की धूर नाही, आवाज नाही, एकच टायर. मोटारसायकलशी तुलना अन्यायाची आहे. त्यात तथ्य आहे. पण चालणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. आवाज नसलेले चाळीस किलोचे वाहन वळणावरून अचानक समोर आले, तर अरुंद वाटेवर बाजूला व्हायचे कुणी? ओल्या मातीत जोर लावून फिरलेले चाक चर पाडते आणि पावसाचे पाणी त्याच चरातून माती नेते. लांबच्या उतारावर आणखी एक अडचण असते. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती वीज सामावायला जागा नसते. माथ्यावर पूर्ण चार्ज करून खाली निघू नये, हे अनुभवी स्वार जाणतात. नवख्याला कोण सांगणार?

यावर तोडगाच नाही असे मात्र नाही. सायकलचाच इतिहास पाहा. तिच्यावरही एके काळी असाच राग होता. ब्रिटनमध्ये १८८८ च्या कायद्याने तिला ‘गाडी’ ठरवले. त्याबरोबर ती पदपथावरून कायमची उतरली, पण रस्त्यावर तिला हक्काची जागा मिळाली. घोडेस्वारांच्या ग्रामीण वाटांवर जायचा हक्क तिला मिळायला १९६८ साल उजाडले, आणि तोही पादचारी व घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. हक्क आणि बंधन एकाच कागदावर आले, तेव्हाच भांडण मिटले.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ही एकचाकी अजून नवलाईचीच आहे. म्हणूनच विचार करायची वेळ आत्ताच आहे. रस्ते भरल्यावर केलेला विचार हा विचार नसतो, धावपळ असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवरच्या वाहनाची सलग अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्य संस्थेने तशी खात्री केली असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. परवाना नको, नोंदणी नको. हलक्या स्कूटरसाठी ही चौकट ठीक आहे. एकचाकीसाठी ती उफराटी आहे. क्षणभराचा जोर पाव किलोवॉटहून जास्त असू शकतो, हे खरे; पण शक्तीवर असा पहारा ठेवला की कायदेशीर एकचाकी ही घाटात आणि खड्ड्यात तोल सोडणारी एकचाकी होईल. सुरक्षित एकचाकी मात्र बेकायदा ठरेल.

याचा अर्थ मोकळे रान द्यावे असा नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांत पादचारी ३२ हजारांवर होते. चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. फेरीवाले, दुचाक्या आणि खोदकाम यांतून जो उरतो तो पदपथ पायी चालणाऱ्याचाच राहिला पाहिजे. तिथे एकचाकीला जागा नाही, यावर दुमत नसावे. पण शक्तीऐवजी वेगाला बांध घालावा, आणि तो यंत्रातच घालावा. वजनाला मर्यादा असावी, शिरस्त्राण सक्तीचे असावे. विजेच्या स्कूटर पेटल्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटऱ्यांचे नियम आपण कडक केले. तीच कसोटी या चाकालाही लावावी. आणि सह्याद्रीतल्या पायवाटांवर ही चाके येण्याआधी कुठल्या वाटा त्यांच्या आणि कुठल्या फक्त पावलांच्या, हे वनखात्याने गावकऱ्यांना आणि गिर्यारोहकांना विचारून ठरवावे.

एकचाकी उद्या सर्वांचे वाहन होईल, असे मानायचे कारण नाही. ती शिकायला दिवस लागतात, पडायला क्षण पुरतो. पण जे वाहन समजून न घेता आपण एक तर बंद करतो किंवा दुर्लक्षित ठेवतो, ते पाठीमागच्या दाराने येतेच. आणि येते ते अधिक जड, अधिक वेगवान आणि बेजबाबदार होऊन. त्याचा पहिला धक्का बसतो तो चालणाऱ्याला. तो टाळायचा तर या चाकाची जागा कुठे, हे आजच ठरवावे लागेल.