इन्सुलिन द्यायचं की नाही, यावर घरात मतदान नको!

आजी म्हणतात, "एवढ्याशा पोराला रोज चार सुया? त्यापेक्षा कारल्याचा रस द्या." आई रडते, बाबा गप्प. मग एक दिवस इंजेक्शन बंद होतं.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. कारलं ते कुठून आणणार? इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांतच रक्तात कीटोन साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप, मग बेशुद्धी. १९२२ साली इन्सुलिन आलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत.

आजींच्या मायेबद्दल मला शंका नाही. बाबा, तुमचं गप्प राहणं मात्र खटकतं. पुढच्या तपासणीला आजींनाही घेऊन या, सुई त्यांच्याच हातात देतो. (ती किती बारीक असते, ते त्यांनी पाहिलेलंच नसतं.) तोवर इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.